दुसऱ्या ऑपरेशनचा चंदा

गेल्या महिन्यात जुम्म्याची नमाज झाल्यावर आमच्या मशिदीच्या दाराशी पुन्हा रुमाल अंथरला गेला. माणूस तोच, खुबाही तोच. पाच वर्षांपूर्वी याच दारात त्याच्यासाठी चंदा झाला होता.

वेल्डिंगचं काम करणारा चाळिशीतला माणूस. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा थांबला, चालणं बंद झालं. एका खासगी रुग्णालयात कृत्रिम सांधा बसवला. बायकोचे दागिने गेले, बचत गटाचं कर्ज झालं, उरलेलं मोहल्ल्यानं दिलं. आता तो सांधा सैल झालाय. काढून दुसरा बसवायचा, आणि डॉक्टर म्हणतात, हे ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड आणि महाग. तो मला म्हणाला, "सर, पैला कर्जा फिट्या नै, अब दूसरा किससे मांगना?"

मी पाचशेची नोट टाकली आणि घरी आलो. मग राग आला, आणि तो आधी स्वतःवरच आला. गाडीचं इंजिन पाच वर्षांत बसलं तर आपण आधी कंपनीच्या नावानं ओरडतो. माणसाच्या शरीरातला भाग बसला की थेट रुमाल अंथरतो. हे असं का?

मी त्याला विचारलं, सांधा कुठल्या कंपनीचा होता? तो म्हणाला, "स्टीलका था, सर." डिस्चार्ज कार्डावर एकच शब्द, 'इम्प्लांट', आणि बिलात पुढे रक्कम. प्रत्येक सांध्याच्या डब्यात कंपनी, मॉडेल आणि बॅच नंबर छापलेले स्टिकर असतात. ते रुग्णाच्या कागदावर चिकटवायचे असतात. याच्या कागदावर काही नाही. म्हणजे तक्रार करायची तर कुणाविरुद्ध, हेच त्याला माहीत नाही.

तो स्टिकर किती मोलाचा असतो, हे या देशात एकदा दिसलं आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीनं एएसआर नावाचा खुब्याचा सांधा विकला. धातूवर धातू घासायचा, कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण रक्तात जायचे, आजूबाजूचं मांस सडायचं. ऑस्ट्रेलियात तो 2009 च्या अखेरीस बाजारातून निघाला, जगभरातून ऑगस्ट 2010 मध्ये परत बोलावला गेला. भारतात तोवर सुमारे 4,700 शस्त्रक्रिया झाल्या होत्या. इथे पहिली हालचाल केली ती आपल्याच राज्यानं: महेश झगडे आयुक्त असताना अन्न व औषध प्रशासनानं 2011 मध्ये मुंबईत गुन्हा नोंदवला. याचा आपल्याला अभिमान असायला हवा. पण त्यानंतर काय झालं? 4,700 पैकी जेमतेम हजारभर रुग्ण सापडले. बाकीचे कुठे आहेत, त्यांचं दुसरं ऑपरेशन झालं का, कुणाच्या पैशानं झालं, याची नोंदच नाही.

अमेरिकेत 2013 मध्ये कंपनीनं सुमारे 8,000 रुग्णांसाठी जवळपास 250 कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. आपल्याकडे डॉ. अरुणकुमार अगरवाल समितीचा अहवाल यायला 2018 उजाडलं. त्याच वर्षी केंद्रानं 30 लाख ते 1 कोटी 23 लाखांपर्यंत भरपाईचं सूत्र ठरवलं. कंपनी कोर्टात गेली. 2019 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात 67 रुग्णांना प्रत्येकी 25 लाख द्यायला ती तयार झाली. ज्यांच्याकडे कागद होते, त्यांना निदान भांडता तरी आलं.

कुणी म्हणेल, सर, प्रत्येक सांधा कंपनीच्या चुकीनं सैल होत नाही. मान्य. जंतुसंसर्ग होतो, हाड ठिसूळ असतं, बसवणाऱ्याचा हात चुकतो. पण हे ठरवलं कुणी? काढलेला तुकडा तपासला कुणी? तो भंगारात जातो आणि 'नशीब' नावाचा अहवाल रुग्णाच्या हातात येतो. आमच्यात तर तो फारच लवकर सही होतो. अल्लाहची मर्जी म्हणून गप्प बसणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की आपल्याच फिक्हमध्ये ऐब असलेला माल परत करण्याचा खरेदीदाराचा हक्क मदरशात शिकवला जातो. बैल विकताना लंगडा पाय लपवला तर सौदा मोडता येतो. मग माणूस लंगडा करणाऱ्या मालाला वेगळा न्याय कशाला?

कर्जदार हा जकातीच्या आठ हकदारांपैकी एक, म्हणून चंदा द्यायलाच हवा. मीही देईन. पण हे कर्ज मुळात त्याचं होतं का, हे आपण विचारत नाही. आपल्या जकातीतून आपण कुणाची तरी वॉरंटी भरतो आहोत.

सरकारी योजनेचं उत्तर तयार असतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं, चांगलंच झालं. तरी सदोष मालाचं दुसरं बिल सरकारी तिजोरीतून भरणं म्हणजे मोठ्या रुमालातला चंदाच. 2017 मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा आली, दुसऱ्यांदा बसवायच्या सांध्यालाही 1,13,950 रुपयांची. खुबा तेव्हा सुटला. आणि सदोष उपकरणासाठी कंपनीनं भरपाई दिलीच पाहिजे, असं कलम 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत नाही.

आम्ही दोघं त्या रुग्णालयात गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, जुने कागद मिळणार नाहीत. ती खोटं बोलत नव्हती. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची नोंद डॉक्टरनं ठेवायची ती तीन वर्षं. सांधा पंधरा-वीस वर्षं टिकावा ही अपेक्षा, कागद तीनच वर्षं! हा नियम लिहिणाऱ्याच्या घरात कुणाचा खुबा बदलला नसावा.

तरी मी तिथेच बाकावर बसून अर्ज लिहिला: सांध्याची कंपनी, मॉडेल, बॅच नंबर आणि खरेदीचं बिल मिळावं; औषधांच्या दुकानाची खातेवही तरी तपासावी; नव्या ऑपरेशनमध्ये काढलेला सांधा लेबल लावून रुग्णाच्या ताब्यात द्यावा. मराठीत लिहिला, दोन प्रती केल्या. तो आधी सही करायला घाबरत होता, पुन्हा याच डॉक्टरांकडे यायचंय म्हणून. मग केली. पोच घ्यायला पाऊण तास लागला. शिक्का जरा पुसट आहे, पण तारीख वाचता येते.