देवीचं पावित्र्य, मुलीचा विटाळ?

सतीच्या देहाचे तुकडे पडले तिथे शक्तिपीठं झाली, ही कथा आपल्याला ठाऊक आहेच. गुवाहाटीच्या कामाख्येला तिची योनी पडली, असं मानतात. तिथे मूर्ती नाही. खडकातल्या योनीरूप भेगेची पूजा होते. अंबुबाचीत देवीला पाळी येते म्हणून देऊळ तीन दिवस बंद. मग तांबड्या वस्त्राच्या प्रसादासाठी भाविकांची रीघ लागते. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये भुजच्या एका महाविद्यालयात, पाळी लपवल्याच्या संशयावरून, साठाहून अधिक मुलींना अंतर्वस्त्रं उतरवायला लावून तपासलं गेलं! म्हणजे देह दगडात असला की पूज्य, जित्याजागत्या मुलीचा असला की विटाळ. मैत्रिणींनो, देवीला मिळते ती तीन दिवसांची विश्रांती लेकीलाही देऊ या. पण ‘कावळा शिवला’ म्हणून बाजूला बसवून नव्हे!