मुहूर्त किती वाजताचा?

दोन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाने ‘हवामान बदल’ या विषयावर माझे व्याख्यान ठेवले होते. कार्बन वायू, वितळणारे हिमनग, समुद्राची वाढती पातळी, सारे काही सांगितले. मंडळींनी माना डोलावल्या, चहा घेतला आणि घरी गेली. परतताना आमचे कंपाउंडर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आपल्याकडे हिमनग पाहिलाय कुणी?”

चारच दिवसांनी भरदुपारच्या लग्नातून आचाऱ्याच्या हाताखालच्या एका बाईंना रिक्षात घालून दवाखान्यात आणले. अंग भाजत होते, बोलणे असंबद्ध, ताप 105 अंश. ‘पित्त झाले असेल’ म्हणून लोक तासभर कांदा हुंगवत बसले होते. अंगावर गार पाणी ओतले, पंखा लावला, सलाइन सुरू करून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. बाई वाचल्या. वधूपिता माझ्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसलेले होते! चूक त्यांची नव्हती, माझी होती. हिमनगाबद्दल तासभर बोललो, मांडवातल्या चुलीबद्दल एक शब्दही नाही.

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून साचलेल्या वायूंमुळे पृथ्वी तापते आहे. 2024 हे नोंदीतले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरला उन्हातल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने 14 जण दगावले. पण असे आकडे कुणाला सवय सोडायला लावत नाहीत. माणूस स्वतःच्या घरातले, रानातले, ओळखीच्या तोंडून ऐकले की विचार करतो. म्हणून हे बोलणे पारावर, बचतगटात, दवाखान्याच्या बाकावर व्हावे असे माझे मत आहे. सुरुवात उपदेशाने नको, प्रश्नाने करावी: ‘तुमच्या लहानपणी विहीर कोणत्या महिन्यापर्यंत पुरायची?’ पुढचे लोकच सांगतात.

आता मी व्याख्यान देत नाही. दवाखान्यात कुणी पत्रिका घेऊन आले की विचारतो, “मुहूर्त किती वाजताचा?” दुपारचा असेल तर त्या बाईंची हकिगत सांगतो. गोरज मुहूर्त आपल्याकडे पूर्वीपासून आहेच. गेल्या उन्हाळ्यात तीन घरांनी तो धरला.

वाचकहो, एवढे लक्षात ठेवा: उन्हात काम करणारा बरळू लागला, तर त्याला सावलीत न्या, अंग ओले करा, वारा घाला आणि ताबडतोब दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. आणि हो, पत्रिका छापण्याआधी आचाऱ्याचाही विचार करा.