समाधान मानून घेता येत नाही

‘नोकरीत समाधान मिळत नसेल तर दोष नोकरीचा नाही, तुमच्या दृष्टिकोनाचा आहे.’ प्रशिक्षणवर्गात, व्हॉट्सॲपवरच्या सकाळच्या संदेशांत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी हे वाक्य आता इतकं रुळलं आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. माझी सगळी नोकरी बँकेच्या शाखांमध्ये झाली. शेवटची काही वर्षं नव्या मुलामुलींना काम शिकवण्यात गेली. या वाक्याचा माणसांवर काय परिणाम होतो ते मी जवळून पाहिलं आहे आणि म्हणूनच त्याचं खंडन करायला बसलो आहे. पण आधी समोरच्याची बाजू नीट मांडायला हवी. पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, यात काही पुरुषार्थ नाही.

तर पूर्वपक्ष असा. एकाच शाखेत शेजारशेजारी दोन काउंटर असतात. पगार सारखा, साहेब तोच, गर्दी तीच. एका काउंटरवरचा माणूस खातेदाराला नावाने ओळखतो, स्लिप चुकली तर स्वतः दुरुस्त करून देतो आणि संध्याकाळी हसतमुखाने घरी जातो. दुसरा सकाळी साडेदहापासून घड्याळाकडे बघत असतो. बाहेरचं सगळं सारखं असताना फरक पडतो, म्हणजे तो मनातच असला पाहिजे. याला संशोधनाचाही आधार दिला जातो. एमी रेझनेस्की आणि जेन डटन या अमेरिकी अभ्यासकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात रुग्णालयातल्या सफाई कर्मचाऱ्यांचं उदाहरण आहे. एकाच प्रकारचं काम करणाऱ्या त्या कर्मचाऱ्यांपैकी काहींना ते हलकं वाटत होतं, तर काहींना आपण रोग्यांना बरं करण्याच्या कामात सहभागी आहोत असं वाटत होतं. प्रेरणादायी व्याख्यानांत हे उदाहरण हमखास येतं आणि ‘बघा, सगळा विचारांचा खेळ आहे’ असं म्हणून वक्ता पुढे जातो.

वक्ता जिथून पुढे जातो तिथेच थांबायला हवं. त्या समाधानी कर्मचाऱ्यांनी केलं काय? ते रोग्यांशी आणि त्यांच्या नातेवाइकांशी बोलत होते, गोंधळलेल्या माणसांना वाट दाखवत होते, वॉर्डातल्या नर्सच्या कामाचा अंदाज घेऊन आपलं काम बसवत होते. म्हणजे नेमून दिलेल्या कामात त्यांनी स्वतःची भर घातली होती, कामाचा आकारच बदलला होता. विचार बदलला, पण त्याबरोबर हातही वेगळे चालले. आणि हात वेगळे चालवायला थोडी मोकळीक लागते. वरच्याने ‘फक्त फरशी पुस, बोलत उभी राहू नकोस’ असा दम भरला असता तर तेच मन, तोच विचार असूनही समाधान उरलं असतं का?

हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. आमच्या शाखेत पेन्शन विभागात एक बाई होत्या. नोव्हेंबर महिना आला की पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला येतात. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय झाली, पण म्हाताऱ्या माणसांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्र ठसा घेत नाही, आणि सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं रांगेत ताटकळतात. या बाईंनी स्वतःहून व्यवस्था लावली. ज्यांना चालवत नाही त्यांची यादी वहीत वेगळी. गल्लीवार दिवस ठरवलेले. बसायला भिंतीलगत खुर्च्या. ठसा उठला नाही की शांतपणे बोट पुसून, दुसरं बोट लावून पाहायचं, तरीही जमलं नाही तर कागदी दाखला भरून घ्यायचा. त्या महिन्यात त्या सगळ्यांत उशिरा घरी जात आणि सगळ्यांत उत्साही दिसत. तेव्हाच्या मॅनेजरसाहेबांनी त्यांना मोकळं सोडलं होतं. पुढे साहेब बदलले. नव्या साहेबांना या कामात ‘बिझनेस’ दिसेना. खुर्च्या हलल्या, वही बंद झाली आणि बाईंना विमा पॉलिसीचं टार्गेट मिळालं. सहा महिन्यांत त्यांच्या तोंडी स्वेच्छानिवृत्तीची भाषा आली. मग त्यांना कुठे पाठवलं, तर सकारात्मक दृष्टिकोनाच्या दोन दिवसांच्या शिबिराला! बाईंचं मन तेच होतं. बदलला होता तो त्यांचा कामावरचा अधिकार.

त्या टार्गेटबद्दल थोडं अधिक बोलायला हवं, कारण मनाच्या नावाखाली चालणारी सगळ्यात वाईट गोष्ट तिथे घडते. बँकेत ठेव मोडायला आलेल्या वृद्धाला लांब मुदतीची पॉलिसी गळ्यात मारणं चूक आहे, हे काउंटरवरच्या पोराला कळतं. त्याची जीभ अडखळते, रात्री झोप लागत नाही. प्रशिक्षणात त्याला सांगितलं जातं, ‘हे ग्राहकाच्या भल्याचंच आहे असं तू मनापासून मान, मग तुला त्रास होणार नाही.’ अहो, पण त्रास व्हायलाच हवा! त्या मुलाची अस्वस्थता म्हणजे त्याच्यातला चांगला बँकर अजून जिवंत असल्याचा पुरावा आहे. ती घालवून त्याला ‘समाधानी’ करणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आणि त्या म्हाताऱ्या खातेदाराचंही. असमाधान हा प्रत्येक वेळी मनाचा आजार नसतो. पुष्कळदा ते कामाबद्दलचं खरं ज्ञान असतं.

इथे कुणीतरी गीता काढतंच. फळाची आशा न धरता काम करावं, मग तक्रार कसली? ज्यांना हा युक्तिवाद सुचतो त्यांनी ‘गीतारहस्य’ कुणी आणि कुठे लिहिलं ते आठवावं. ‘केसरी’तल्या लेखांवरून १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा झालेल्या टिळकांनी ते मंडालेच्या तुरुंगात लिहिलं आणि १९१५ साली ते प्रसिद्ध झालं. कर्मयोगाची आपल्या काळातली सर्वांत मोठी मांडणी करणारा माणूस मिळेल त्यात गोड मानून घेणारा नव्हता. आपल्या मनाचा तोल फळावर टांगू नये, हा कर्त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. मालकाने नोकराला तो ऐकवायला लागणं म्हणजे ग्रंथाचा दुरुपयोग.

सावता माळ्याचं नावही असंच वापरलं जातं. अरणच्या त्या मळ्यात त्याला कांदा-मुळा-भाजीत विठ्ठल दिसला, मग तुला तुझ्या फाइलीत का दिसू नये? पण परंपरेने जो सावता आपल्यापर्यंत आणला तो स्वतःच्या मळ्यात राबणारा आहे. बी पेरण्यापासून भाजी काढण्यापर्यंतचं सगळं काम त्याच्या डोळ्यांसमोर घडतं. तेरच्या गोरोबांच्या हातून मडकं घडतं ते चिखलापासून भाजणीपर्यंत. आपल्या संतांनी कामात देव पाहिला, ही माझ्या लेखी महाराष्ट्राची फार मोठी मिळकत आहे. म्हणूनच तिचा उपयोग तुकड्या-तुकड्याने काम करणाऱ्या, कशावरच हात नसलेल्या माणसाला गप्प करण्यासाठी झाला की मला राग येतो.

आणि याच महाराष्ट्रात नारायण मेघाजी लोखंडेही होऊन गेले. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि मागण्या मांडल्या: रविवारची सुट्टी, दुपारी जेवायला अर्धा तास, पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. या मागण्या किती साध्या आहेत पाहा. लोखंड्यांनी कामगारांना ‘दृष्टिकोन बदला’ असं सांगितलं असतं तर आज रविवारी सकाळी अंथरुणात लोळत समाधानावरचे संदेश पुढे पाठवायलाही कुणाला सवड नसती.

दुसरा समज याच्या उलट दिशेने येतो, पण पोचतो त्याच ठिकाणी. आवडीचं काम शोधा, ते सापडलं की आयुष्यभर काम करावं लागणार नाही. बँकेच्या परीक्षा देऊन येणाऱ्या मुलांत इंजिनीअर पुष्कळ असतात. ती आल्या दिवसापासून खिन्न असतात, ‘ही माझी पॅशन नाही’ म्हणतात. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की आवड ही जन्मजात असते आणि ती फक्त सापडावी लागते असं मानणाऱ्यांचा उत्साह विषय अवघड झाल्याबरोबर ओसरतो. आवड वाढवता येते असं मानणारे तुलनेने टिकून राहतात.

मला हे एका मुलाच्या बाबतीत बघायला मिळालं. संध्याकाळी कॅश टॅली होईना, ९०० रुपयांचा फरक. तो घाबरला, कारण कॅश कमी पडली तर कॅशियरच्या खिशातून भरायची. मी त्याला म्हटलं, ‘आधी फरकाला नवाने भागून बघ.’ नवाने नि:शेष भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते. भाग गेला. तो व्हाउचरं उलटत गेला आणि थोड्या वेळाने ओरडलाच. ५,४०० च्या जागी ४,५०० पडले होते. मग त्याला दुसरी खूण सांगितली: फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेचं व्हाउचर शोधायचं, ते जमेऐवजी नावे पडलेलं असू शकतं. त्यानंतर शाखेत कुणाचाही फरक आला की तो आपलं काम आटोपून तिकडे जायचा, सांगावं लागायचं नाही. नोकरी त्याच्या आवडीची नव्हतीच. पण हातात कसब आलं तशी आवडही येऊ लागली.

या ‘आवडी’च्या समजाची आणखी एक काळी बाजू आहे. आवडीचं काम आहे ना, मग पैशाचं काय एवढं? तासिका तत्त्वावर राबणारे प्राध्यापक, अनुदानाची वाट पाहत वर्षानुवर्षं तुटपुंज्या पैशांवर किंवा बिनपगारी शिकवणारे शिक्षक, मानधनावरच्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका, यांना हे हरघडी ऐकवलं जातं. ‘सेवाभाव’ म्हणायचं आणि पगाराऐवजी मानधन द्यायचं. फ्रेडरिक हर्झबर्ग या मानसशास्त्रज्ञाच्या १९५९ सालच्या पुस्तकाचा दाखलाही इथे उलटा वापरला जातो. सुमारे दोनशे इंजिनीअर आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींतून त्यांनी दाखवलं, की पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाच्या जागेची स्थिती या गोष्टी चांगल्या असल्या तरी त्यांनी फारसं समाधान येत नाही. ते येतं काम तडीस नेण्यातून, जबाबदारीतून, शिकण्यातून. मात्र त्याच गोष्टी वाईट असल्या तर असमाधान नक्की येतं, हे त्यांच्या म्हणण्याचं दुसरं अर्धं अंग व्याख्यानांतून गळतं.

तक्रार करणारा म्हणजे नकारात्मक, हा समज तर अनुभवाला धरूनच नाही. ज्याला कामाचं काही पडलेलं नसतं तो तक्रार करत नाही. तो मान हलवतो आणि बदलीची वाट बघतो. सर्व्हर रोज दुपारी बंद पडतो, रांगेतली माणसं चिडतात, काहीतरी करा, असं तीन-तीन पत्रं लिहून कळवणारा माणूस शाखेवर प्रेम करणारा असतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली स्वीकारलेल्या आपल्या रोगवर्गीकरणात ‘बर्नआउट’चा संबंध कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळल्या न गेलेल्या सततच्या ताणाशी जोडला आहे. माणसाच्या स्वभावदोषांत त्याला जागा दिलेली नाही.

म्हणजे मनाचं काहीच काम नाही का? असं म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. मी युनियनचा सभासद होतो आणि तिचे उपकार मानतो. पण सगळा दोष व्यवस्थेचा, असं म्हणत नवं काही शिकायचंच नाकारणारे सहकारीही मी पाहिले. संगणक आला तेव्हा ‘हे आपलं काम नाही’ म्हणून त्यांनी हात आखडता घेतला आणि उरलेली नोकरी शेजाऱ्याला विचारत, ओशाळत काढली. त्यांचा पगार चांगला होता, नोकरी पक्की होती, तरी ते दुःखी होते. कसब मिळवण्याचे कष्ट दुसरा कुणी आपल्यासाठी घेत नाही. समोरच्या माणसाकडे लक्ष देणं कुठल्या करारात लिहून घेता येत नाही. इथे मन लागतंच.

माझं म्हणणं एवढंच, की मनाला धरायला काहीतरी हवं. शिकण्यासारखं काम, त्यात थोडा स्वतःचा निर्णय, केल्याचा उपयोग कुणाला झाला हे डोळ्यांना दिसणं, आणि पोटाला व झोपेला पुरेल इतका पैसा आणि वेळ. यातलं काही आपण एकट्याने मिळवू शकतो, जसं त्या मुलाने फरक शोधण्याचं कसब मिळवलं. काही गोष्टी चारचौघांनी मिळून मागाव्या लागतात, जशा लोखंड्यांनी मागितल्या. आणि काही वरच्या खुर्चीतल्या माणसाने नुसत्या अडवल्या नाहीत तरी पुरतं. माणूस आपल्या दुःखातलं कुठलं कशात मोडतं हे ओळखायला शिकला, तर त्याचं निम्मं स्वतःला दोष देणं थांबेल.

म्हणून जे साहेब लोक पुढच्या वर्षीचं दृष्टिकोनाचं शिबिर ठरवत असतील त्यांना माझं सांगणं आहे. त्या दोन दिवसांतला पहिला दिवस वक्त्याला देऊ नका. कर्मचाऱ्यांना कागद द्या, नाव लिहायची सक्ती नको, आणि विचारा: तुमचं काम चांगलं व्हायला कशाची अडचण होते, कुठला निर्णय तुमच्या हाती हवा होता, आणि कुठलं काम करताना तुम्हाला लाज वाटते? ते कागद मोठ्याने वाचा आणि महिन्याभरात प्रत्येकाला लेखी उत्तर द्या.