बुडणारा आणि बघणारे

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यात पुण्याच्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले. लोंढ्याच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून उभे असलेले ते जीव पुढे चित्रफितीतून घरोघर पाहिले गेले. प्रशासनाने प्रतिबंधक आदेश काढले, हे योग्यच झाले. त्या प्रवाहापुढे काठावरच्यांचे काही चालले नसते, हेही आम्हांस मान्य आहे. परंतु ज्याला पाण्याबाहेर काढता येते, त्याचे काठावर आपण काय करतो, हा प्रश्न आदेशांनी सुटणारा नाही.

काय करतो? पोट दाबतो, पालथे घालतो, क्वचित पाय धरून गरगर फिरवितोही! वास्तविक फुप्फुसांत गेलेले पाणी बहुधा थोडेच असते. पोट दाबल्याने वर येते ते जठरातले, आणि तेच श्वासनलिकेत शिरण्याचे भय असते. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायूच्या अभावी. म्हणून हृदयविकाराच्या प्रसंगी नुसते छातीवरील दाब पुष्कळदा चालून जातात, तसे येथे चालत नाही. आधी श्वास द्यावयाचा. युरोपीय प्रघात आरंभी ५ श्वासांचा आहे, अमेरिकी २ श्वासांचा. मग ३० दाब व २ श्वास हा क्रम अखंड चालू ठेवावयाचा. दाब मिनिटास १०० ते १२०, प्रौढाच्या छातीवर ५ ते ६ सेंटिमीटर खोल. शुद्धीवर आला तरी त्यास रुग्णालयात न्यावेच लागते. प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटेच तग धरतो, आणि घाटातल्या ओढ्यापर्यंत १०८ ची रुग्णवाहिका तेवढ्यात पोचणे कठीण. जे करावयाचे ते सोबत्यांनीच.

शाळेत प्रथमोपचार म्हणून त्रिकोणी पट्टी बांधावयास शिकवितात. ती उपयोगाची खरी, पण पट्टीने श्वास परत येत नाही.

आमचा रोख आहे तो पावसाळ्यात दर शनिवारी रात्री पैसे घेऊन तरुणांना सह्याद्रीत नेणाऱ्या आयोजकांकडे. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्यांनी नोंदणी करावयाची आहे. ती करताना प्रत्येक म्होरक्याने पुतळ्यावर श्वास व दाब देऊन दाखविलेच पाहिजेत, अशी अट कसोशीने पाळली जावी. बुडणाऱ्यामागे उडी टाकणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. तेव्हा पिशवीत दोर आणि तरंगेल असा रिकामा डबा असलाच पाहिजे. वर्गणी देण्यापूर्वी पालकांनी आयोजकाला जेवणाची चौकशी करण्याआधी एवढे दोन प्रश्न विचारावेत.