आडनाव काय म्हणालीस?

होस्टेलवर नवीन आलेल्या मुलीला पहिल्या आठवड्यात तीन प्रश्न हमखास विचारले जातात. ब्रँच कोणती, सीईटीला किती होते, आणि पूर्ण नाव काय? पहिल्या दोन उत्तरांकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. तिसऱ्या उत्तरासाठी मात्र सगळी विंग कान टवकारते. नुसतं नाव सांगितलं की लगेच, "आणि आडनाव?" आडनाव ओळखीचं असेल तर विषय संपला. नसेल तर पुढची फैर. "गाव कोणतं गं?" "कुलदैवत कोणतं?" "घरी नॉनव्हेज चालतं का?" मित्र-मैत्रिणींनो, हे प्रश्न कशासाठी असतात ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे. जात हवी असते, पण थेट विचारायची लाज वाटते. म्हणून मग आडनावाच्या दारातून आत शिरायचं!

मी कॉन्व्हेंटमधली. तिथे सिस्टर आम्हाला आडनावानंच हाका मारायच्या, त्यामुळे आडनाव हा माझ्यासाठी हजेरीपटावरचा एक शब्द होता. इथे त्याचा तराजू झालेला पाहिला आणि कुतूहल जागं झालं. लायब्ररीतली मराठीची कपाटं उघडली, आजोबांना फोनवर छळलं. जे हाती लागलं ते इतकं मजेदार आहे की सबमिशनच्या धामधुमीतही लिहायला बसले.

आपली निम्मी आडनावं म्हणजे चक्क पत्ते आहेत. गावाच्या नावाला 'कर' जोडला की झालं आडनाव. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी गावावरून 'मंगेशकर' घेतलं. हा 'कर' काही एकाच धर्माचा नाही. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू बघा. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणाऱ्यांचं नाव होतं सॅम्युअल एझिकेल दिवेकर. नुसतं 'दिवेकर' ऐकून कोण सांगेल हो यांचा धर्म?

दुसरा मोठा गट नोकऱ्यांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही सगळी कामं होती. फडणीस, चिटणीस, पोतनीस, पारसनीस यांच्या शेवटी जो 'नीस' आहे तो फारसीतला 'नवीस', म्हणजे लिहिणारा. चिटणीस पत्रव्यवहार बघायचा, पोतनीस खजिन्याचा हिशेब ठेवायचा. ज्यांना आपण अस्सल मराठमोळी आडनावं म्हणतो त्यांचं शेपूट फारसी निघालं! नाना फडणवीसांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. फडणवीस हा त्यांचा हुद्दा. पेशव्यांचंही तेच, त्यांचं आडनाव भट. आजच्या हिशेबानं हुद्द्याचं आडनाव करायचं तर आपल्या नातवंडांना 'कोडर' आणि 'टेस्टर' अशी आडनावं लागतील.

तिसरा गट निव्वळ धमाल. वाघ, कोल्हे, लांडगे, गाढवे, उंदरे, ढेकणे. पडवळ, भोपळे, मुळे. गोडबोले, आगलावे, सहस्रबुद्धे. कुणीतरी कधीतरी कुणाला तरी चिडवलं असेल आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चिकटलं असेल, असंच यांतली काही ऐकून वाटतं. पण चिकटलेल्या शब्दाचा माणसाशी संबंध काय? शरद बोबडे २०१९ ते २०२१ देशाचे सरन्यायाधीश होते, आणि त्यांच्या निकालाचा शब्द न् शब्द सगळा देश कान देऊन ऐकत होता.

आता मुद्द्यावर येते. आडनावावरून जात काढणाऱ्यांना वाटतं की इथे एक फॉर्म्युला आहे. इकडून आडनाव टाका, तिकडून जात बाहेर. पण एम-वन आपण सगळ्यांनीच (कुणी एकदा, कुणी तीनदा!) दिलेलं आहे. एका इनपुटला एकच आउटपुट असेल तरच त्याला फंक्शन म्हणतात. 'पाटील' टाका. मराठा येईल, लिंगायत येईल, जैन येईल, आगरी, कोळी येईल, मुसलमानही येईल. 'देशमुख' टाका, तीच गत. १९८० ते १९८२ मुख्यमंत्री असलेल्या बॅरिस्टर अंतुल्यांचं आडनाव ऐकून धर्म ओळखून दाखवा. थोडक्यात, हे फंक्शनच नाही. आणि समजा एखादीचं आडनाव 'बरोबर' ओळखलंत, तरी तुम्हाला तिच्याबद्दल नेमकं काय कळलं? काहीही नाही.

"पण आडनाव म्हणजे घराण्याचं रक्त असतं," असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी जुने कागद बघावेत. कित्येकांची नोंद नुसती 'अमुक बिन तमुक' अशी आहे. आडनाव घट्ट बसलं ते बरंचसं इंग्रजी अमदानीत, शाळा, कोर्ट आणि सरकारी दप्तरांमुळे. ज्या नावापुढे आज देश नतमस्तक होतो ते घ्या. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर नोंद झाली 'भिवा रामजी आंबेडकर'. तुर्कस्तानात तर १९३४ साली कायदा करून सगळ्यांना आडनावं घ्यायला लावली, आणि मुस्तफा कमाल 'अतातुर्क' झाले. तामिळनाडूतल्या मुलांना विचारा, ती वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातीची शेपटी नावातून काढून टाकण्याचा निर्णय झाला होता. त्यांचं काही अडलं नाही. आणि लांब कशाला जायचं? आपल्या ज्ञानोबा, नामदेव, जनाबाई, तुकोबांना आपण कधी आडनावानं हाक मारतो का?

शिवाय निम्म्या लोकसंख्येचं हे 'रक्त' लग्नाच्या एका दुपारीत बदलतं, त्याचं काय? कित्येक घरांत तर पहिलं नावसुद्धा. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. त्याहून बोचरी गोष्ट 'नकोशी'ची. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून हे नाव! २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींची नावं समारंभपूर्वक बदलण्यात आली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नावही लागतं. म्हणजे नावाची पद्धत दगडावरची रेघ नाही. आपण बदलली तर ती बदलते.

कुणी म्हणेल, "एवढं काय त्यात, सहज विचारतो." माझ्यासमोर घडलेलं सांगते. एका मुलीचं आडनाव कळल्यावर तिच्या रूममेटनं आठवड्याभरात रूम बदलून मागितली. कारण लिहिलं, 'अभ्यासात व्यत्यय'. जिच्यामुळे व्यत्यय येत होता तीच मुलगी पुढे परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगला नेटवर्क थिअरी शिकवत बसली होती. आजही ती नाव सांगताना आडनावाशी आली की आवाज खाली आणते. वीस वर्षांच्या मुलीला स्वतःचं नाव हळू आवाजात सांगावं लागणं, हे 'सहज' आहे? जातीवरून एखाद्याला छळणं किंवा वगळणं हे यूजीसीच्या नियमांत २०१६ च्या दुरुस्तीपासून रॅगिंगच आहे. पण नियम नोटीस बोर्डवर असतो आणि प्रश्न मेसच्या टेबलावर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. होस्टेलच्या याद्यांवर आणि रूमच्या दारांवर नाव आणि रोल नंबर पुरे. वायवाला एक्स्टर्नलसमोर फक्त सीट नंबर जावा. रेक्टर मॅडम आणि सरांनी मनावर घेतलं तर हे पुढच्या टर्मपासूनही होईल, पैसाही लागणार नाही. आणि आपण? आपण आडनावाबद्दल जरूर बोलावं, कारण विषय खरंच भन्नाट आहे. फक्त प्रश्न बदलायचा. "म्हणजे तुम्ही कोण?" याऐवजी "तुझ्या आडनावाचा अर्थ काय गं?" असं विचारून बघा, आणि आधी स्वतःच्या आडनावाचा सांगा. गाढवे आणि सहस्रबुद्धे एकाच टेबलावर बसून हसतील. शेवटी केटी लागताना आडनाव कुठे बघितलं जातं!

— टी. ई., इलेक्ट्रॉनिक्स
(लेखिकेचं आडनाव संपादकांकडे आहे. कृपया विचारू नये!)