तारण कोणाचे? नागपूर–राजनांदगाव गाडीत सुरू झालेली एक कथा

१/ सन १८९३. नागपूरहून राजनांदगावकडे निघालेली आगगाडी. हा लोहमार्ग आजच्या गोंदिया जिल्ह्यातून, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा ही गावे मागे टाकत जातो. गाडीत तरुण कवी नारायण वामन टिळक आणि एक अपरिचित युरोपीय गृहस्थ. संस्कृत काव्यावरून संभाषण सुरू होते. निरोप घेताना तो गृहस्थ टिळकांच्या हाती ‘नवा करार’ देतो आणि सांगतो, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल.

२/ १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरे ठरले. मग टिळकांनी ख्रिस्ताला निवडले, की ख्रिस्ताने त्यांना आधीच निवडले होते? ख्रिस्ती धर्मशास्त्रातील हा फार जुना वाद आहे. मराठी भूमीत त्याला जे उत्तर मिळाले, ते कवीची लहर म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे ठरेल.

३/ वादाचा गाभा असा. पाचव्या शतकात ऑगस्टीनने पेलाजियसविरुद्ध प्रतिपादन केले की तारण केवळ ईश्वरी कृपेने होते, मानवी पुण्याईने नव्हे. सोळाव्या शतकात कॅल्विनने ते टोकाला नेले: कोण तरणार, हे ईश्वराने सृष्टीपूर्वीच ठरवले आहे. आर्मिनियसच्या अनुयायांनी मानवी प्रतिसादाला स्थान मागितले; डॉर्टच्या धर्मसभेने (१६१८–१९) ते नाकारले.

४/ भारतीय वाचकाला हा पेच अनोळखी नाही. श्रीवैष्णव परंपरेत तोच दोन दृष्टांतांनी मांडला जातो. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते. मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्त यांपैकी कोणासारखा? डॉर्टची सभा निःसंशय मांजरीच्या बाजूची होती.

५/ मराठी प्रदेशात मात्र प्रश्नाचे रूप पालटले. येथे पहिली शंका स्वतःविषयी नव्हती, ती पूर्वजांविषयी होती. ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, ते आजोबा-पणजोबा कायमचे दंडित कसे? नव्या ख्रिस्ती माणसासाठी हा तात्त्विक खेळ नव्हता. ज्यांच्या मांडीवर तो वाढला, त्या माणसांचा हा प्रश्न होता.

६/ या प्रश्नाची झळ मिशनऱ्यांनाही लागली. रॉबर्ट ह्यूम हे मुंबईत जन्मलेले, अमेरिकन मराठी मिशनचे अहमदनगर येथील मिशनरी. ज्यांना आयुष्यात सुवार्ता कळली नाही, त्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, या मताला अनुकूल उद्गार त्यांनी १८८६ साली अमेरिकेत काढले. परिणामी मातृसंस्थेने त्यांचे भारतात परतणे काही काळ रोखून धरले. नगरच्या अनुभवाने बॉस्टनच्या सिद्धांताला असे प्रश्न विचारले.

७/ दुसरा प्रश्न बाप्तिस्म्याचा. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे आत्मकथनात त्यांनी नोंदवले की आपल्याला धर्म गवसला होता, पण त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त गवसला तो सुमारे आठ वर्षांनी. म्हणजे विधी झाला, तारणाची प्रचीती नंतर आली. मग त्या विधीला तारणाची अट कसे म्हणावे?

८/ टिळकांच्या घरात हा प्रश्न अधिक दाहक होता. पतीच्या बाप्तिस्म्यानंतर लक्ष्मीबाईंना काही वर्षे विरह सोसावा लागला. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या कृपेच्या बाहेर होत्या काय? मंडळीच्या नोंदवहीचे उत्तर सरळ होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते उत्तर पुरत नाही.

९/ १९१७ साली टिळकांनी मिशनची चाकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तसंघ उभारण्याचा संकल्प केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या प्रत्येकाला तेथे जागा होती, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. कॅल्विनची निवड आणि नोंदवहीची सीमा, दोहोंना दिलेले हे मराठी उत्तर होते. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही.

१०/ यावरचा आक्षेप वजनदार आहे. बाप्तिस्म्याची किंमत माणसांनी मोजली होती: घर, जात, वारसा. नगर परिसरातील अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी तो माणूस म्हणून उघडपणे उभे राहण्याचा क्षण होता. ज्याला घरदार न सोडता दरबारात बसता येते, त्याची निष्ठा तोलायची कशी? उच्चवर्णीयांसाठी ही सोयीची पळवाट ठरली नसती काय?

११/ तरीही टिळकांची बाजू अधिक ग्राह्य वाटते. त्यांनी किंमत चुकवली नव्हती असे नाही. आप्तजन दुरावल्यानंतर बावीस वर्षांनी त्यांनी हे दार उघडले. स्वतः अट पूर्ण केलेल्या माणसाने ती इतरांवर लादण्यास नकार दिला. पळवाट शोधणाऱ्याची ही रीत नव्हे.

१२/ धर्मांतराचा इतिहास बहुधा आकड्यांनी लिहिला जातो: कोणत्या साली किती बाप्तिस्मे. त्या रकान्यांत १८९५ ते १९०० मधल्या लक्ष्मीबाई बसत नाहीत, दरबारातले बाप्तिस्मा न झालेले भक्तही नाहीत. मराठी ख्रिस्ती विचाराचा अभ्यास करणाऱ्याने आरंभ तेथूनच करावा.