डायलिसिसच्या रुग्णाचे तोंड कोण पाहणार?

"डॉक्टरसाहेब, रक्ताचं इंजेक्शन बरोबर घेतो, तरी रक्त वाढत काहून नाही?" आष्टीतल्या माझ्या दवाखान्यात एका पन्नाशीच्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला. आठवड्यातून दोनदा आर्वीवरून वर्ध्याला जायचे, चार तास मशीनवर पडून राहायचे आणि रात्री परतायचे, हा त्यांचा नेम. हिमोग्लोबिन मात्र आठच्या वर सरकत नव्हते. लोहाची तपासणी झाली होती, औषधाची मात्रा वाढवून झाली होती.

मी त्यांना तोंड उघडायला सांगितले. हिरड्या सुजलेल्या, दाबल्या की पू, तीन दात हलते. हे गृहस्थ वर्षभर माझ्याकडे येत होते आणि मी एकदाही त्यांच्या तोंडात पाहिले नव्हते. ही माझीच चूक.

निरोगी किडनी एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य तयार करते. हाडांतील मगज त्याच्या हुकमाने रक्तपेशी बनवतो. किडनी निकामी झाली की हे द्रव्य कमी पडते, म्हणून ते इंजेक्शनने द्यावे लागते. परंतु शरीरात कुठेही सतत दाह असला, तर यकृत हेप्सिडिन हे द्रव्य जास्त सोडते आणि साठ्यातले लोह बाहेर येत नाही. कोठारात धान्य आहे, पण कुलूप लागलेले! हिरड्यांचा जुना आजार हा असाच धुमसता दाह आहे.

हिरड्यांवर उपचार केल्यावर डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तातील दाहाची खूण, म्हणजे सीआरपी, कमी झाल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. हिमोग्लोबिन प्रत्येकाचे वाढेलच, असे मात्र मी म्हणणार नाही. रक्त कमी होण्याची इतर कारणेही असतात.

या रुग्णांना पाणी मोजून प्यावे लागते, त्यामुळे तोंड कोरडे पडते. अनेकांना मधुमेह असतो. त्यात आपल्या विदर्भाचा खर्रा! तंबाखूने हिरड्यांचा रोग वाढतो आणि रुग्ण निर्धास्त राहतो.

2016 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि जिल्हा रुग्णालयांत गरिबांची सोय होऊ लागली. हे चांगलेच झाले. पण रुग्णाच्या फाईलमध्ये वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहितात. हिरड्यांचा रकाना सहसा नसतो. माझे स्पष्ट मत आहे की डायलिसिस सुरू होताना आणि पुढे दर सहा महिन्यांनी दातांची तपासणी सक्तीची असावी. सावंगीला दंत महाविद्यालय आहे. आपल्या जिल्ह्याला हे अशक्य नाही. पुढे किडनीरोपण करायचे झाले, तरी तोंडातला जंतुसंसर्ग आधी बरा करावाच लागतो.

तोवर रुग्णांनी एवढे करावे. मऊ ब्रशने दोन वेळा दात घासावेत. मिसरी, गुल, खर्रा सोडावा. दंतवैद्याला डायलिसिसची माहिती आधी द्यावी. डायलिसिसच्या दिवशी दात काढू नये, कारण त्या वेळी रक्त पातळ राहण्याचे औषध देतात. दुसरा दिवस बरा. फिस्टुलाच्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये. दात दुखला म्हणून दुकानातून वेदनाशामक गोळी आणू नये.

त्या शेतकऱ्यांच्या हिरड्यांतला पू थांबला आहे. रक्त किती वाढते, ते पुढच्या तपासण्या सांगतील. पण आता ते ज्वारीची भाकर नीट चावून खातात. चार घास पोटात जाणे, हेही या आजारात थोडे नाही.